तोफेचा कान: कथेत गोलंदाज कसा उभा करावा

मराठी ऐतिहासिक कथेत तलवारबाजाला दोन-तीन पानं सहज मिळतात. पट्टा कसा फिरला, ढाल कधी आडवी आली, घाव कुठे बसला, सगळं तपशिलात येतं. तोफखान्याच्या वाट्याला मात्र एकच वाक्य: ‘तोफा धडाडल्या.’ त्या कोणी डागल्या, त्या माणसाला नेमकं काय येत होतं, ते शिकण्यात त्याची किती वर्षं गेली, यातलं काहीच कळत नाही. मी दिवाळी अंकांसाठी ऐतिहासिक कथा लिहितो, नव्या लेखकांच्या कथाही वाचून देतो, आणि ही उणीव मला दर वेळी टोचते. गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारा, हे आपल्या इतिहासातलं इतकं भरलेलं पात्र आहे की त्याला एका वाक्यात गुंडाळणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तुम्ही कथा, कादंबरी, चित्रकथा किंवा एखाद्या गेमची गोष्ट लिहीत असाल आणि तोफ चालवण्यात तरबेज असलेलं पात्र हवं असेल, तर ते कसं बांधायचं हे इथे पायरीपायरीनं सांगतो. उदाहरणं बहुतेक मराठेशाहीतली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: गोलंदाजाचं कसब डोळ्यांत थोडं असतं, कानांत, हातांत आणि सोबतच्या माणसांत फार असतं. तिरंदाजाची नजर उचलून त्याला लावली की पात्र तिथेच फसतं.

आधी तोफ ठरवा, मग माणूस

‘सगळ्या तोफा चालवू शकणारा’ असं पात्र लिहू नका. एका तोफेचा माणूस लिहा. तोफ बदलली की त्याचं आयुष्य बदलतं, शत्रू बदलतो, भीतीसुद्धा बदलते.

बुरुजावरची मोठी तोफ घ्या. विजापूरची मुलूख मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली. तिच्या मुखाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती. बत्ती दिली की आवाजापासून वाचायला गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या टाकीत उडी मारायचा, असं तिथे सांगतात. ही आख्यायिका खरी माना किंवा मानू नका, लेखकाला तिच्यातून एक कामाचा प्रश्न मिळतो: माझ्या गोलंदाजाची टाकी कुठे आहे? बार झाल्यावर तो कुठे जातो, कशाच्या आड होतो, आणि एखाद्या दिवशी तिथे पोचायला वेळच मिळाला नाही तर?

अशी तोफ जागची फारशी हलत नाही. म्हणून तिच्या माणसाचं जग म्हणजे बुरुजावरून दिसणारा एक तुकडा. समोरचा ओढा, त्यापलीकडचं बाभळीचं झाड, देवळाचा कळस. या प्रत्येक खुणेला किती दारू लागते हे त्याला तोंडपाठ असतं. दौलताबादच्या मेंढा तोफेसारखी खुंट्यावर फिरणारी तोफ दिलीत तर हे जग एकदम रुंद होईल.

मैदानी तोफेचा माणूस वेगळाच. त्याचं अर्धं आयुष्य रस्त्यावर जातं. तोफ ओढायला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या लागतात, घाटात गाड्याला मागून दोर लावून धरावं लागतं, आणि काळ्या मातीत एक पाऊस पडला की चाक आसापर्यंत रुततं. हा माणूस बैलांच्या खुरांकडे बघून उद्या किती मजल होईल ते सांगतो. त्याच्या तोंडी लढाईपेक्षा चाकांच्या धावा आणि एरंडेल तेल जास्त यायला हवं.

आणि तिसरी उखळी तोफ. आखूड, रुंद तोंडाची, गोळा उंच उडवून भिंतीपलीकडे टाकणारी. तिच्या गोलंदाजाला आपला गोळा कुठे पडला ते बहुतेक वेळा दिसतच नाही. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर असाच मारा केला आणि गडावर आग लागली. खाली धूर दिसला म्हणून आनंदणारा माणूस आणि वर त्या आगीत असलेली माणसं: उखळी तोफेची गोष्ट या अंतरात असते.

गोळ्याचं वागणं शिकून घ्या

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या निदान सात कथांत गोळा पडला की स्फोट होतो, माणसं हवेत उडतात. त्या काळातला बहुतेक गोळा भरीव असायचा, लोखंडाचा किंवा दगडाचा. तो फुटत नाही. तो जमिनीला लागतो, उसळतो, पुन्हा लागतो, पुन्हा उसळतो, आणि वाटेत जे येईल ते तोडत जातो. सपाट कडक जमिनीवर तो असे टप्पे घेत दूरवर जातो. नांगरलेल्या किंवा चिखलाच्या शेतात पहिल्याच टप्प्याला रुतून बसतो. तुमच्या गोलंदाजाला हे माहीत असतं, म्हणून तो शत्रूच्या अंगावर नेम न धरता त्याच्या वीस हात पुढच्या जमिनीवर धरतो. ही एक ओळ लिहिलीत तरी वाचकाला कळतं, की या माणसाला धंदा येतो.

जवळून आलेल्या घोडदळावर छर्रे वापरतात, थैलीत भरलेले बारीक गोळे. फुटणाऱ्या गोळ्याला आपल्याकडे कुलपी गोळा म्हणत. पोकळ, आत दारू, आणि जळत जाणारी वात. वात फार लांब राहिली तर गोळा पडून नुसताच फुसफुसत राहतो, फार आखूड झाली तर हवेतच फुटतो. कुलपी गोळा हाताळणारं पात्र हवं असेल तर त्याच्या कसबाचं माप म्हणजे ही वात कापणं.

चुकण्याची सवयही पात्राला द्या. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते शुजाउद्दौल्याच्या बाजूनं तिथे असलेल्या काशिराज पंडितानं लिहून ठेवलं आहे. मराठ्यांच्या तोफा मोठ्या आणि जड, त्यांचं तोंड पटकन वरखाली करता येईना, त्यामुळे गोळे समोरच्यांच्या डोक्यावरून जाऊन मागे पडू लागले. मराठ्यांच्या बाजूनं इब्राहिमखान गारदीसारखा तोफांचा जाणता माणूस असतानाची ही गोष्ट. शत्रू जवळ येतो आहे, तोफ भरलेली आहे, आणि तिचं तोंड खाली येत नाही. तरबेज माणसाच्या हतबलतेचं याहून जिवंत चित्र मला माहीत नाही.

एक बार, पहिल्यापासून शेवटपर्यंत

कथेत निदान एकदा तरी पूर्ण बार दाखवा. नंतर नुसता इशारा पुरतो, पण पहिल्या वेळी वाचकाला तोफेशेजारी उभं करा.

आधीच्या बारानंतर नळीत निखारे उरलेले असतात. लांब दांड्याला गुंडाळलेला ओला पोचारा आत घालून ते विझवावे लागतात, नाहीतर नवी दारू आत जाताच पेट घेते आणि ती भरणाऱ्याचा हात जातो. तोफेच्या मागच्या बाजूला वर एक बारीक भोक असतं, त्याला तोफेचा कान म्हणतात. पोचारा आत फिरत असताना आणि पुढे दारू ठासताना कवायती तोफखान्यात एक जण या कानावर अंगठा दाबून धरतो, म्हणजे हवा आत ओढली जाऊन निखारा फुलत नाही. धातू तापलेला असतो, अंगठा भाजतो. चामड्याचं टोपण घातलं तरी भाजतो. आणि तो अंगठा उचलला तर पुढे उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल हे दोघांनाही ठाऊक असतं. दोन भावांचं वैर, गुरू-शिष्याचा विश्वास, जुनी उधारी, काय हवं ते या अंगठ्यात बसवा. मला तर वाटतं, तोफखान्याची अख्खी कादंबरी एवढ्यावर उभी राहील.

मग दारू, थैलीत किंवा लांब दांड्याच्या पळ्यानं. गजानं ठासायची, पण चेचायची नाही. मग गवताचा किंवा चिंध्यांचा बोळा, मग गोळा, आणि त्यावर पुन्हा बोळा. हा दुसरा बोळा सह्याद्रीतल्या कथेत विसरू नका. गडावरून खाली दरीत मारा करायचा तर तोफेचं तोंड खाली असतं, आणि बोळा नसेल तर गोळा घरंगळून पुढे येतो. नवख्या पोराकडून ही चूक करवा, जुन्या माणसाकडून नुसता गोळ्याचा आवाज ऐकून ती पकडवून घ्या.

त्यानंतर कानातून सुई घालून थैली टोचायची आणि कानात रंजक भरायची, म्हणजे बारीक कोरडी दारू. तोफेच्या बुडाखाली लाकडी पाचर असते. ती आत ठोकली की बूड उचललं जाऊन तोंड खाली येतं, ओढली की तोंड वर जातं. डावं-उजवं करायला गाड्याखाली पहारी घालून चार माणसांनी रेटायचं. सगळं झालं की बाजूला सरायचं. मागे कधीच नाही, कारण तोफ धक्क्यानं गाड्यासकट मागे येते आणि वाटेतला पाय मोडते. मग लांब काठीला गुंडाळलेला जळता तोडा, म्हणजे सुताची जाड वात, कानाला लावायचा. आधी कानातून उभी ठिणगी उडते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग बार.

त्या क्षणभराच्या शांततेवर रेंगाळा. आणि बारानंतर दृश्य लगेच साफ करू नका. गंधकाच्या वासाचा पांढरा दाट धूर वारा नसेल तर तिथेच बसतो. गोलंदाज आंधळा होतो. तोफ मागे सरकलेली असते, ती पुन्हा पुढे ढकलायची, पुन्हा पहिल्यापासून.

कसब नेमकं कुठे दाखवायचं

दारूत. सोरा, गंधक आणि कोळसा ही तीनच द्रव्यं, पण प्रत्येक कोठाराची दारू निराळी. चांगला गोलंदाज ती चिमटीत घेऊन चोळतो, ओल कळते, कोळसा नीट वाटला आहे की नाही तेही कळतं. चिमूटभर दगडावर पेटवून बघतो: एका झपक्यात गेली आणि मागे मळ उरला नाही, तर ठीक. ‘ही तिघांची दारू चौघांना वाटलीय’ असं तो म्हणाला, की कोठीतल्या चोरीचं कथानक सुरू झालंच समजा.

धातूत. बाजारात आपण मडकं वाजवून घेतो, तसा तो तोफ वाजवून बघतो. धड तोफ नाद धरते, चीर गेलेली बद्द बोलते. मुलूख मैदानला हलकेच टकटक केली तर घंटेसारखा नाद येतो असं सांगतात, ते आठवा. रोज बारापूर्वी तोफेला बोटाच्या पेरानं टकटक करणारा माणूस वाचक विसरत नाही, आणि ज्या दिवशी तो टकटक करून गप्प उभा राहतो त्या दिवशी तुम्हाला वेगळं काही लिहावं लागत नाही.

अंतरात. घड्याळ नाही, दुर्बीण फक्त सरदाराकडे. समोरच्या तोफेचा लखलखाट दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंत मोजायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर झालं. तुमच्या पात्राला सेकंद माहीत नसेल, त्याच्यासाठी मोजणी शोधा. एखादा संथ लयीत ‘राम’ म्हणेल, एखादा ‘अल्ला’, एखादी आईनं शिकवलेली ओवी. मोजणीतून पात्राचं घर दिसतं.

हे सगळं एका प्रकरणात येऊ देऊ नका. पोर आधी पाणी आणतं, मग पोचारा धरतं, मग अंगठा, मग गज, मग रंजक. पाचर त्याच्या हाती यायला वर्षं जातात. बत्ती देणं हे वाचकाला सगळ्यात मोठं काम वाटतं, तोफखान्यात मात्र पाचर ठोकणारा खरा उस्ताद. ही उतरंड तुमच्या पात्राच्या प्रगतीचा तयार आराखडा आहे.

किंमत मोजायला लावा

कसबाला मर्यादा नसेल तर गोष्टीत ताण राहत नाही. इथे मर्यादा शोधत बसावं लागत नाही, त्या समोर पडल्या आहेत. पावसाळ्यात तोडा विझतो, रंजक सर्द होते; मोहिमा दसऱ्यानंतर निघत याचं हेही एक कारण. तापलेल्या तोफेला विसावा द्यावा लागतो. आणि एकटा गोलंदाज काहीच करू शकत नाही. हातातली तलवार एकट्याची असू शकते, तोफ कधीच नाही. म्हणून त्याचे पाच-सात जण नावानिशी उभे करा आणि त्यातला एक मध्येच काढून घ्या. कसब तेच, पण लय मोडलेली.

शरीरावर खुणा द्या. गालावर दारूचे कातडीत रुतलेले निळे-काळे ठिपके. कायमचा पिवळटलेला अंगठा. आणि बहिरेपण. तोफेचा कान सांभाळता सांभाळता त्याचा स्वतःचा जातो. घरात बायको बोलते ते त्याला ऐकू येत नाही, पण तळहात जमिनीला लावून दूरची घोडी त्याला कळतात. बहिरेपणाचा विनोद करू नका, कृपा करून. त्याला नातवाचं बोबडं बोलणं ऐकता येत नाही, एवढं एक दृश्य पुरेसं आहे.

धैर्याचं उदाहरण हवं असेल तर असईला जा, आजच्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणी शिंद्यांच्या तोफांवर चालून आल्या, तेव्हा गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथेच संगिनींवर गेले. आणि त्यातले काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, पलटण पुढे गेल्यावर उठले, आणि त्याच तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर डागल्या. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. त्या गोलंदाजांची नावं मात्र सरदारांच्या नावांसारखी आपल्या तोंडी नाहीत. तुमच्या कथेला आणखी मोठं कारण कशाला हवं?

त्याच्या भोवतीची माणसं

तोफखाना हा मराठी मुलखातला सगळ्यात मिश्र मोहल्ला होता. पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे. दिवेघाटाजवळचा मल्हारगड त्यांनीच १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला, आणि पायथ्याच्या सोनोरीत त्यांचा वाडा आहे. एक दिवस काढून तिथे जा, गड लहान आहे, तटावरून रस्त्याकडे बघताना तोफ कुठे ठेवावी हे आपोआप कळतं. गारद्यांत, म्हणजे कवायती पायदळात, मुसलमान आणि उत्तरेकडचे लोक, महादजी शिंद्यांच्या पदरी दि बॉयनसारखा परदेशी सेनानी, कोकण किनाऱ्याला शेजारी पोर्तुगीज. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा पडला तेव्हा राजापूरचे इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला तोफ घेऊन आले, आणि शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापुरावर जाऊन त्यांना कैद केलं. म्हणजे कसब विकतही मिळत होतं, आणि विकणाऱ्याला त्याचा जाबही द्यावा लागत होता.

यामुळे भाषा जपून वापरा. गोलंदाज, तोफ, बारूद, जंबुरा (उंटावरची लहान तोफ), हे शब्दच फारसी-तुर्की वाटांनी आलेले. तोफखान्यातली माणसं शुद्ध बखरीतलं मराठी बोलत नसणार. उस्ताद दखनीत ओरडेल, पोर मावळी मराठीत उत्तर देईल.

अद्भुतकथा आणि आजची कथा

पात्राला दैवी शक्ती द्यायची असेल तर द्या, पण ती एकाच जागी द्या. उदाहरणार्थ, त्याला प्रत्येक तोफेचा स्वभाव हात लावताच कळतो. गोळा मात्र नेहमीच्याच नियमांनी जाऊ दे, दारू ओलीच राहू दे, बैल थकू देत. सगळंच अद्भुत केलं की कसब उरत नाही.

आजच्या काळातला तोफची लिहायचा असेल तर नाशिकजवळच्या देवळालीपासून सुरुवात करा, भारतीय लष्कराची तोफखाना शाळा तिथे आहे. आता तोफ डोंगरामागे असते आणि लक्ष्य तिला दिसत नाही. पुढे लपून बसलेला निरीक्षक रेडिओवरून दुरुस्त्या सांगतो. म्हणजे पात्रं दोन झाली, आणि त्यांची मैत्री आवाजावरची. १९९९ मध्ये कारगिलला मात्र १५५ मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा समोर दिसणाऱ्या शिखरांवरही थेट डागल्या गेल्या. जुना गोलंदाज त्या दिवशी परत आला असं मला वाटत राहतं.

शेवटच्या प्रकरणासाठी

गोलंदाजाला तोफ सोडून जावं लागतं तेव्हा ती शत्रूच्या हाती धड पडू नये म्हणून तिच्या कानात मेख ठोकतात. त्याच्या कसबाची सगळ्यात अवघड कसोटी ही आहे. मी ते असं लिहीन:

लखमानं पोचारा फिरवला, गरज नसताना. नळी कोरडी करून पुसली. वर चढून पेरानं टकटक केली. त्याला आता ऐकू येत नव्हतं, नाद बोटातून दंडात चढला तेवढाच.

‘उस्ताद, चला,’ पोरगा खालून हात हलवत होता. दिंडी उघडली होती, माणसं दोरावरून उतरू लागली होती.

लखमानं कमरेची मेख काढली. कानावर अंगठा ठेवला, जुन्या सवयीनं, घट्ट दाबून. तीस वर्षं त्या भोकाला वारा लागू दिला नव्हता त्यानं. मग अंगठा बाजूला केला, मेख उभी धरली आणि पोराकडे न बघता हातोड्यासाठी हात मागे केला.

पोरानं हातोडा दिला नाही. तो वर आला, त्यानं मेख धरली, आणि म्हणाला, ‘तुमी मारा. मी धरतो.’